रोज सायकल चालवायची, तर लेगिंग कशी निवडायची? कोरेगावच्या बाजारात तपासता येतील अशा साध्या गोष्टी

समजा, तुम्ही कोरेगावला कॉलेजला जाता. पुण्याचं कोरेगाव पार्क नाही आणि भीमा कोरेगावही नाही, साताऱ्यापासून साधारण २० किलोमीटरवरचं आपलं तालुक्याचं कोरेगाव. घर एकंबे, कुमठे, ल्हासुर्णे किंवा चिमणगावच्या बाजूला. एसटीची वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून सायकल काढली. पहिले चार दिवस मस्त गेले. पाचव्या दिवशी मांड्यांच्या आतल्या बाजूला आग व्हायला लागली. आठव्या दिवशी बसताना टोचायला लागलं. पंधराव्या दिवशी सायकल परत जिन्याखाली.

घरी कारण सांगितलं जातं, "जमत नाही गं रोज." खरं कारण बऱ्याचदा अंगावरच्या कपड्यात असतं. आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण जिथे त्रास होतो ती जागाच न बोलायची.

म्हणून आज त्यावरच बोलू. रोज चार-सहा किलोमीटर सायकल चालवायला नेमकी कशी लेगिंग लागते? महागडी स्पोर्ट्स ब्रँडची टाइट्स घ्यावीच लागते का? दुकानात ट्रायल रूम नसेल तर चांगली-वाईट ओळखायची कशी?

थोडक्यात सांगायचं तर

- किंमत आणि ब्रँड यापेक्षा शिवण कुठे आहे, कापड किती ताणतं आणि किती लवकर वाळतं, हे महत्त्वाचं.
- रोजच्या अर्ध्या तासापर्यंतच्या प्रवासाला पॅडवाली पँट सहसा लागत नाही.
- दोन्ही पाय जिथे जोडले जातात तिथे वेगळा तुकडा लावलेला असेल, तर ती लेगिंग सायकलला बरी.
- लेगिंग बदलूनही दुखत असेल, तर सीटची उंची आणि कल तपासा.

आता एकेक मुद्दा नीट पाहू.

चालताना काही होत नाही, मग सायकलवरच का काचतं?

आधी थोडं गणित. साध्या, बिनगिअरच्या सायकलचं पेडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. म्हणजे सहा किलोमीटर जायला साधारण बाराशे वेळा पेडल फिरवावं लागतं. जाऊन-येऊन चोवीसशे. तेवढ्या वेळा मांडी सीटच्या टोकाला घासते आणि तेवढ्याच वेळा कापडाची शिवण त्याच एका जागी त्वचेवर सरकते.

चालताना शरीराचं वजन पायांवर असतं. सायकलवर त्यातला बराच भाग सीटवर येतो. म्हणजे शिवण नुसती घासत नाही, वजनाखाली दाबली जाऊन घासते. त्यात घाम आला की आणखी वाईट, कारण ओलसर त्वचेवर कापड जास्त चिकटतं आणि जास्त ओढलं जातं. कोरड्या त्वचेला जे सहज सोसतं, तेच ओल्या त्वचेला सोलून काढतं.

थोडक्यात, त्रासाला तीन गोष्टी लागतात: घासणं, दाब आणि ओल. चांगली लेगिंग या तिन्ही कमी करते. पुढचं सगळं याच तीन गोष्टींभोवती फिरतं.

सगळ्यात आधी काय बघायचं? शिवण

दुकानात लेगिंग हातात आली की आपण आधी रंग बघतो, मग किंमत. सायकलसाठी घेत असाल तर आधी ती उलटी करा आणि दोन्ही पाय जिथे मिळतात ती जागा बघा.

साध्या, स्वस्त लेगिंगमध्ये तिथे चार शिवणी एका बिंदूवर येतात: पुढून एक, मागून एक आणि दोन्ही पायांच्या आतल्या बाजूच्या दोन. त्यांचा एक जाड गोळा तयार होतो. तो नेमका सीटवर, तुमच्या वजनाखाली येतो. चालायला-फिरायला त्याचा त्रास नाही. सायकलवर मात्र तोच खडा होतो.

चांगल्या लेगिंगमध्ये तिथे एक वेगळा तुकडा लावलेला असतो, कधी हिऱ्याच्या आकाराचा, कधी लांबट. त्यामुळे चार शिवणी एका जागी न येता बाजूला पांगतात आणि पाय फाकवायला जागाही मिळते. ही काही परदेशी स्पोर्ट्स कंपन्यांची करामत नाही. सलवार शिवणारे आपले शिंपी याच जागी मियानी लावतात, म्हणून सलवार घालून मांडी घालून बसलं तरी ती उसवत नाही. तीच युक्ती इथे कामाला येते.

दुसरी गोष्ट, शिवणीवरून बोट फिरवा. कापडाच्या दोन्ही कडा आत उभ्या राहिल्या असतील, तर बोटाला कड लागते. कडा एकमेकींवर सपाट बसवून शिवलेल्या असतील, तर बोट सहज सरकतं. या सपाट शिवणीला फ्लॅटलॉक म्हणतात. व्यायामाच्या कपड्यांत ती हमखास असते, साध्या लेगिंगमध्ये क्वचित. पण एकवेळ ती नसली तरी चालेल, मधला तुकडा हवाच.

कापड: कॉटन चांगलं की वाईट?

"उन्हाळ्यात कॉटनच घाल" हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. सुती कापड घाम शोषतं, त्यामुळे अंगाला गार वाटतं. पण शोषलेला घाम ते धरूनही ठेवतं, लवकर वाळत नाही. सैल कपड्यात हे चालून जातं, कारण आत हवा खेळते. अंगाला घट्ट बसणारी आणि सीटखाली दाबली जाणारी लेगिंग मात्र ओलीच राहते.

पॉलिस्टर आणि नायलॉन उलट वागतात. ते पाणी फारसं धरत नाहीत, त्यामुळे लवकर वाळतात. म्हणूनच खेळाचे बहुतेक कपडे त्यांचे असतात. पण त्यांना घामाचा वास लवकर धरतो आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाहीत.

मग घ्यायचं काय? अंतरावर ठरवा.

पाच-सहा किलोमीटरपर्यंत आणि कोरड्या हवेत, जास्त कॉटन आणि थोडं स्पॅन्डेक्स असलेली जाडसर लेगिंग चालते. बाजारातल्या बऱ्याच लेगिंगच्या लेबलवर ९५ टक्के कॉटन, ५ टक्के स्पॅन्डेक्स असं लिहिलेलं असतं, तीच ही. त्यापेक्षा लांब जायचं असेल, घाम जास्त येत असेल किंवा पावसाळा असेल, तर पॉलिस्टर किंवा नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचं कापड बरं.

आता हे स्पॅन्डेक्स म्हणजे काय? लेबलवर कधी स्पॅन्डेक्स, कधी इलास्टेन, कधी लायक्रा लिहिलेलं असतं. धागा एकच, ताणून सोडला की मूळ लांबीवर येणारा. लायक्रा हे त्याचं एक ब्रँडनाव. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तो तयार केला. तेव्हा डोळ्यांसमोर होते कंबर आवळून धरणारे बायकांचे आतले कपडे. त्यात रबर वापरलं जायचं, त्याला पर्याय हवा होता. पुढे तोच धागा पोहणाऱ्यांच्या, धावणाऱ्यांच्या आणि सायकलपटूंच्या कपड्यांत आला. आधी सायकलपटू लोकरीच्या चड्ड्या घालत. त्या ओल्या झाल्या की लोंबायच्या.

तुमच्या लेगिंगमध्ये स्पॅन्डेक्स अजिबात नसेल, तर गुडघे वाकवताना ती मागून खाली ओढली जाईल आणि आठवड्याभरात गुडघ्यांवर फुगे येतील. म्हणून लेबलवर ते थोडं तरी हवंच.

दुकानात ट्रायल रूम नाही, मग तपासायचं कसं?

तालुक्याच्या बाजारात बऱ्याच ठिकाणी लेगिंग प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी करून मिळते. "फ्री साइज आहे ताई, सगळ्यांना बसते," असं सांगितलं जातं. घालून बघायची सोय नसते आणि नेलेला माल परत घेतीलच असं नाही. तरी पाकीट उघडून बघायला दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. दोन मिनिटांत एवढं तपासा.

१. उलटी करा. मधला तुकडा आहे का, शिवणीचा गोळा येतो का, ते बघा.

२. उजेडात ताणा. मांडीच्या जागचं कापड दोन्ही हातांनी आडवं ताणा आणि मागे हाताचा पंजा धरा. बोटं स्पष्ट दिसली, तर सायकलवर वाकल्यावर मागूनही तसंच दिसणार. गडद रंगाच्या कापडातही हे तपासा. काळं कापड न ताणता बघितलं तर फसवतं.

३. ताणून सोडा. कापड लगेच पहिल्यासारखं झालं पाहिजे. लाटा राहिल्या तर ती महिन्याभरात सैल होणार.

४. उभंही ताणा. काही कापडं फक्त आडवी ताणली जातात. गुडघा वाकला की कापडाला उभं ताणावं लागतं. दोन्हीकडे ताणणारं कापड दुकानात "फोर वे" नावाने मागा.

५. कंबर बघा. बारीक इलॅस्टिकची दोरी असेल तर वाकल्यावर ती पोटात रुतते. तीन-चार बोटं रुंद, सपाट पट्टा असेल तर तो जागेवर राहतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उंच असेल तर आणखी चांगलं, कारण सायकलवर वाकलं की मागून उघडं पडत नाही.

६. घोटा बघा. पायाचा खालचा भाग घोट्याला नीट बसणारा हवा. सैल मोहरी चेनमध्ये जाते. चुडीदारसारख्या चुण्या पडणारी लांब लेगिंगही टाळा. अँकल लेन्थ म्हणजे घोट्यापर्यंतची पुरते.

घरी आणल्यावर लेबल काढायच्या आधी ती घालून उकिडवं बसा, मग एक पाय पायरीवर ठेवून पुढे वाका. कंबर खाली सरकली, गुडघ्यामागे आवळलं किंवा मध्ये ओढ बसली, तर ती सायकलची लेगिंग नाही. ती कॉलेजच्या कार्यक्रमाला ठेवा.

"सायकलिंग शॉर्ट" म्हणजे सायकलची चड्डी का?

इथे एक गोंधळ समजून घ्या. आपल्याकडच्या दुकानात "सायकलिंग शॉर्ट" मागितली, तर मांडीपर्यंतची घट्ट, पातळ चड्डी मिळते. शाळेतल्या मुली ती स्कर्टखाली घालतात. नावात सायकलिंग असलं तरी त्यात पॅड नसतं. ती वाईट नाही. उलट फ्रॉक, स्कर्ट किंवा साडीखाली मांड्या एकमेकींना घासू नयेत म्हणून ती उपयोगी आहे. पण सीटच्या दाबापासून ती वाचवत नाही.

खऱ्या सायकलच्या शॉर्टमध्ये किंवा टाइट्समध्ये सीटच्या जागी आत पॅड शिवलेलं असतं. या पॅडला इंग्रजीत आजही शॅमी म्हणतात. शॅमॉय हा युरोपातल्या डोंगरांत राहणारा, बकरीसारखा दिसणारा प्राणी. त्याच्या मऊ कातड्याचा तुकडा पूर्वी सायकलपटूंच्या चड्डीत लावत, त्यावरून हे नाव राहिलं. आता पॅड फोम किंवा जेलचं असतं.

तुम्हाला ते लागेल का? सीट रुंद असेल, हँडल उंच असेल, पाठ सरळ ठेवून बसत असाल आणि एका वेळी अर्ध्या तासाच्या आत पोहोचत असाल, तर बहुतेकांना लागत नाही. वर कॉलेजात किंवा ऑफिसात दिवसभर पॅड घालून बसणं त्रासाचंच होतं. सुट्टीच्या दिवशी साताऱ्याला जाऊन-येऊन ४० किलोमीटर करणार असाल, तर जरूर घ्या.

पॅडवाली पँट घेतलीत तर एक नियम पाळा. ती थेट अंगावर घालायची असते, आत निकर नाही. आत निकर घातली की तिच्या शिवणी आणि इलॅस्टिक पुन्हा मध्ये येतात आणि पॅडचा उपयोग संपतो. प्रत्येक वापरानंतर ती धुवायची. म्हणजे रोज वापरणार असाल तर किमान दोन लागतील. खर्चाचा हिशेब करताना हे धरा.

लेगिंग चांगली असूनही काचतं, ते का?

बऱ्याचदा दोष आतल्या कपड्याचा असतो. जाड लेसची कड, मांडीच्या घडीत येणारं इलॅस्टिक, कडक झालेलं कापड, हे सगळं लेगिंगखाली दाबलं जातं. सायकलसाठी सुती, सपाट कडांची आणि मांडीवर थोडी खाली येणारी निकर घ्या.

पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडांनी काचणं वाढतं. त्या दिवसांत सायकल चालवायला हरकत नाही. फक्त पॅड जास्त वेळ ठेवू नका आणि त्याच्या कडा मांडीला टोचत असतील तर निकर थोडी घट्ट बसणारी वापरा, म्हणजे पॅड सरकणार नाही.

मग येते सीट. गिअरच्या सायकलींना सीट अरुंद असते आणि हँडल खाली असतं. त्यामुळे वजन पुढच्या, नाजूक भागावर येतं. आपण बसतो ते खरं तर नितंबातल्या दोन हाडांवर. वजन तिथेच यायला हवं. त्यासाठी तीन गोष्टी करता येतात.

पहिली, उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट फार उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे हलते आणि तेवढंच घासतं. फार खाली असेल तर गुडघे दुखतात.

दुसरी, कल. सीटचं टोक वर असेल तर पुढे टोचतं. खाली असेल तर तुम्ही सारख्या पुढे घसरता. सीट जमिनीला समांतर ठेवून सुरुवात करा. सायकल दुकानात पाना लावून दोन मिनिटांत होणारं काम आहे.

तिसरी, कव्हर. जेलचं जाड कव्हर घालण्याआधी विचार करा. फार मऊ सीटमध्ये हाडं खोल रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. नीट न बांधलेलं कव्हर सरकतं, ते वेगळंच.

ओढणी, कुर्ती आणि साडी

लेगिंगवर काय घालता हेही इथे महत्त्वाचं, कारण हा आरामापेक्षा सुरक्षेचा प्रश्न आहे. ओढणी चाकात अडकून गळ्याला गंभीर इजा झाल्याच्या घटना भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. सायकल चालवताना ओढणी पिशवीत ठेवा. घ्यायचीच असेल तर दोन्ही टोकं पुढून मागे नेऊन कंबरेला गाठ मारा आणि सुटी टोकं आत खोचा.

लांब कुर्तीचा मागचा घेर कॅरिअरखाली लोंबून चाकात जातो. गुडघ्याच्या वर संपणारी, दोन्ही बाजूंना चिरा असलेली कुर्ती बरी. मोटारसायकलला मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून संरक्षक जाळी लावणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. सायकलला तसं बंधन नाही. पण सायकल दुकानात मागच्या चाकाची जाळी आणि चेनकव्हर बसवून मिळतं.

साडी नेसून सायकल चालवणाऱ्यांनी परकराखाली गुडघ्यापर्यंतची लेगिंग किंवा वर सांगितलेली सायकलिंग शॉर्ट घालावी. मांड्यांचं घासणं बरंच कमी होतं. नऊवारीचा काष्टा आठवतोय? कापड दोन्ही पायांमधून मागे खोचलं की पाय मोकळे होतात. शेतात वाकून काम करता येतं, घोड्यावरही बसता येतं. बायकांच्या कपड्यात पाय मोकळे ठेवण्याचा विचार आपल्याकडे काही नवा नाही.

"असले कपडे घालून सायकल?"

कापड, शिवण, सीट सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते: लोक काय म्हणतील.

हा प्रश्न सायकलइतकाच जुना आहे. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या. घोळदार झगे चेनमध्ये अडकायचे म्हणून काहींनी गुडघ्याखाली आवळलेल्या सैल विजारी घालायला सुरुवात केली. १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात लेडी हार्बर्टन अशीच विजार घालून सायकलवरून एका हॉटेलात गेल्या. मालकिणीने त्यांना मुख्य कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही. प्रकरण १८९९ मध्ये कोर्टात गेलं आणि निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. आज त्या विजारी संग्रहालयात बघायला मिळतात आणि बायका सायकलवर आहेत.

आपल्याकडेही आईच्या पिढीत अशा घट्ट पँटला "स्लॅक्स" म्हणायचे आणि त्यावरून घरात वाद व्हायचे. आता त्याच घरात आई पंजाबी ड्रेसखाली लेगिंग घालते.

मुलीने सायकल सोडली तर काय जातं, याचा अभ्यास झालेला आहे. बिहार सरकारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. जिथून शाळा लांब होती, तिथे फरक जास्त दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात.

म्हणजे सायकल मिळाल्याने मुलगी शाळेत पोहोचते, हे आकड्यांत दिसलेलं आहे. पण मिळालेली सायकल रोज चालवता आली पाहिजे. काचतंय म्हणून, मागून दिसतंय म्हणून किंवा चौकात कुणी काही बोललं म्हणून ती जिन्याखाली गेली, तर पुन्हा एसटीची वाट बघणं आलं. त्यामुळे "लेगिंग कुठली घेऊ?" हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. घरात कुणी तो विचारला तर हसण्यावारी नेऊ नका.

उन्हाळा, पावसाळा, थंडी

उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा आणि फिक्या रंगाची लेगिंग घेताना ती ताणून आरपार दिसत नाही ना, हे दोनदा बघा. पोहोचल्यावर शक्य असेल तर बदला. एक जोड सैल पँट पिशवीत ठेवली की पुरतं.

पावसाळ्यात जाड कॉटनची लेगिंग एकदा भिजली की दिवसभर ओलीच. पातळ पॉलिस्टरची वापरा, कोरडी जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. वरून रेनकोटची पँट घालत असाल तर आत घाम साचतो, हे लक्षात ठेवा आणि पोहोचल्यावर लगेच काढा.

थंडीत आतून मऊ लव असलेली लेगिंग मिळते. ती उबदार असते, पण दहा मिनिटं पेडल मारल्यावर गरम होतं. आपल्याकडच्या थंडीला नेहमीची जाडसर लेगिंग पुरते.

थंडीतच उसाचा हंगाम असतो. पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर-ट्रॉली असतात, त्यांच्या चालकाला तुम्ही दिसणं फार गरजेचं. काळी लेगिंग अंधारात दिसत नाही. घोट्याभोवती चमकणारी पट्टी बांधा. पेडल मारताना ती वर-खाली हलते, त्यामुळे इथे माणूस सायकल चालवतोय हे चालकाला लवकर कळतं. सायकलच्या मागे लाल दिवा हवाच.

त्वचेला त्रास झालाच तर?

नुसतं लाल झालं असेल, तर दोन-तीन दिवस सायकलला सुट्टी द्या, जागा कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला. पुन्हा सुरू करताना घासणाऱ्या जागी निघायच्या आधी पातळसं पेट्रोलियम जेली लावा. घासणं कमी होतं.

गोल चट्टा, कडेला लालसर आणि खाज येणारी, असं दिसलं तर तो नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग असू शकतो. घट्ट, ओलसर कपड्यांत तो वाढतो. इथे एक चूक सर्रास होते. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणली जाते. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा आणखी पसरतो आणि नंतर औषधाला लवकर दाद देत नाही. म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय असं मलम लावू नका. गळू, पू, ताप किंवा लघवीला जळजळ असेल तरीही डॉक्टरकडेच जा. लाजू नका, हे त्यांच्यासाठी रोजचं आहे.

लेगिंग टिकवायची कशी?

- पहिल्यांदा घालण्याआधी एकदा धुवा. रंग सुटतो का तेही कळेल.
- उलटी करून, साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी आणि कडक इस्त्री स्पॅन्डेक्सला मारक.
- बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर साबण नीट निघत नाही आणि कापड कडक होतं. दोनदा खळबळा.
- पिळा घालून जोरात पिळू नका, दाबून पाणी काढा.
- सावलीत, वाऱ्यावर वाळवा. अर्धवट ओली कधीच घालू नका.
- मांडीच्या आतल्या बाजूला कापड विरळ झालं किंवा बारीक गोळे आले, तर ती घरात वापरायला काढा. ते गोळेच पुढे काचतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जीन्स किंवा जेगिंग घालून सायकल चालवली तर?
थोड्या अंतराला चालते. पण जीन्सची मधली शिवण सगळ्यात जाड असते आणि घाम वाळत नाही. रोजसाठी नको.

ट्रॅक पँट चालेल का?
चालेल, मोहरी घोट्याला आवळलेली असेल तर. सैल असेल तर चेनच्या बाजूचा पाय रबरबँडने किंवा पट्टीने बांधा. लेगिंग घालायला अवघड वाटत असेल त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे.

एक साइज मोठी घेऊ की लहान?
आपल्या मापाची. मोठी घेतली तर चुण्या पडतात आणि त्या घासतात. लहान घेतली तर शिवणीवर ताण येतो आणि कापड आरपार दिसतं.

पुरुषांनाही हे लागू आहे का?
हो. शिवण, घाम आणि सीटचा हिशेब सगळ्यांना सारखाच. पॅडवाली शॉर्ट घेताना मात्र पुरुषांची आणि बायकांची वेगळी बघा, पॅडचा आकार वेगळा असतो.

किती जोड लागतात?
रोज चालवत असाल तर तीन: एक अंगावर, एक दोरीवर आणि एक पावसाच्या दिवसासाठी.

पुढच्या वेळी बाजारात गेलात की पाकिटावरचं चित्र बघून घेऊ नका. लेगिंग बाहेर काढा, उलटी करा, मधला तुकडा शोधा, उजेडात ताणून बघा. दुकानदार विचारेल, "काय बघताय ताई एवढं?" सांगा, "सायकलवर घालायची आहे."